तुवं किती आलं?

बालमित्रांनो,

फेब्रुवारी-मार्च उजाडला की आमच्या सुलतानपुरात दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे ऊन तापायला लागतं. दुसरी म्हणजे बारावीचा पेपर सुटला की पोरापोरींचे घोळके रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, एसटीच्या थांब्यावर उभे राहतात. हातात चुरगळलेली प्रश्नपत्रिका आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, "तुवं किती आलं?"

आमच्या इकडच्या बोलीत 'तुवं' म्हणजे 'तुझं' आणि 'माहं' म्हणजे 'माझं', बरं का! मराठीचा पेपर असला तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. निबंध काय, ज्याचा त्याचा वेगळाच असतो. पण रसायनशास्त्राचा पेपर असला की विचारूच नका. ७० गुणांचा पेपर, वेळ ३ तास, त्यात अधूनमधून आकडेमोडीची गणितं. आपल्या महाराष्ट्र बोर्डाच्या या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगची कोष्टकं वापरायची. म्हणजे कोष्टकात बोट फिरवा, आकडा उचला, बेरीज-वजाबाकी करा, पुन्हा उलट्या कोष्टकात शिरा. एवढी यातायात करून हाती आलेलं उत्तर शेजाऱ्याशी जुळलं नाही, तर पोटात गोळा येणारच, नाही का?

तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही तर अजून पाचवी-सातवीत! आम्हाला बारावीचं काय सांगता?" अरे, पण चाचणी परीक्षेचा गणिताचा पेपर सुटल्यावर तुम्ही तरी काय करता? तेच ना! मग ऐका.

गेल्या काही वर्षांतली एक गोष्ट सांगते. मी चौथीला शिकवते. माझ्या वर्गातला एक चुणचुणीत मुलगा एके दिवशी सकाळी गप्प गप्प बसला होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, आमची ताई जेवतच नाही. काल पेपर झाला तव्हापासून. म्हणते, आता पुढच्या पेपरालेच जात नाही."

त्याची ताई बारावीला होती. आईवडील दोघंही मजुरीला जाणारे. त्या घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. आमच्या खेड्यापाड्यांत अशा मुलीची परीक्षा म्हणजे नुसती मार्कांची बाब नसते. पास झाली तर पुढचं कॉलेज, नापास झाली तर "आता कशाला शिकवता, स्थळं बघा" असं सांगायला चार माणसं टपलेलीच असतात. त्यामुळे पोरीनं एक पेपर सोडणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे तुमच्या लक्षात येईल.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ताईचे डोळे सुजलेले. जीवशास्त्राचं पुस्तक मिटून फळीवर ठेवलेलं.

"काय झालं गं?"

"मॅडम, माहं गणित चुकलं. सगळ्यायचं ६० आलं, माहं ६०.०३ आलं. आन् एकजण म्हणे १२.४५ बरोबर हाय. तो तर क्लासले जातो."

गणित असं होतं. एका रासायनिक अभिक्रियेत पदार्थ अर्धा संपायला ३० मिनिटं लागतात. मग तो ७५ टक्के संपायला किती वेळ लागेल? (अभिक्रिया 'प्रथम कोटीची' आहे. म्हणजे सुरुवातीला पदार्थ कितीही असो, त्यातला अर्धा संपायला दर वेळी तेवढाच वेळ लागतो.)

मी काही बारावीला शिकवत नाही. पण हे गणित पाहून मला आमचा चौथीचा अपूर्णांकाचा धडा आठवला. तिच्या भावाला जवळ बोलावलं आणि विचारलं, "हे बघ, एक भाकरी आहे. ३० मिनिटांत अर्धी संपते. उरली किती?"

"अर्धी."

"पुढच्या ३० मिनिटांत उरलेल्यातली अर्धी संपते. आता किती उरली?"

"पाव."

"म्हणजे संपली किती?"

"पाऊण!" त्यानं बोटं मोडून पाहिली. "पाऊण म्हणजे शंभरातले पंच्याहत्तर. तीस आन् तीस, साठ मिनिटं!"

बघा, चौथीतल्या पोरानं लॉगच्या कोष्टकाला हातही न लावता उत्तर काढलं. ६० मिनिटं. मग ताईचं ६०.०३ कसं आलं? ती सरळ पुस्तकातल्या सूत्रानं गेली होती. सूत्रात २.३०३ हा आकडा येतो, ४ चा लॉग ०.६०२१ येतो आणि वेगाचा स्थिरांक ०.६९३ भागिले ३०, म्हणजे ०.०२३१ येतो. २.३०३ ला ०.६०२१ नं गुणा आणि ०.०२३१ नं भागा, ६०.०३ येतं. हे सगळे आकडे शेपटी कापलेले आहेत. २.३०३ हा खरा २.३०२५८५... असा लांबतच जातो, ०.६९३ सुद्धा ०.६९३१४७... असा पुढे जातो. शेपट्या कापल्या की उत्तरात तेवढा चिमूटभर फरक पडतो. साठ मिनिटांत ०.०३ मिनिट म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत! दोन माणसांनी एकच कापड टेपनं मोजलं तरी सुताएवढा फरक पडतोच ना? तसंच हे. ताईचं उत्तर बरोबर होतं, आणि ज्यांचं ६० आलं त्यांचंही.

आणि ते १२.४५? त्या मुलानंही सूत्र बरोबरच लिहिलं होतं. फक्त 'संपलेले ७५' ऐवजी 'उरलेले ७५' असं धरलं होतं. पुढची आकडेमोड अगदी चोख, पण उत्तर चुकीचं. आता सांगा, ते चुकलंय हे ओळखायला रसायनशास्त्र लागतं का? अर्धी भाकरी संपायलाच ३० मिनिटं लागतात, तर पाऊण भाकरी १२ मिनिटांत कशी संपेल? पण तो सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता, म्हणून सगळे घाबरले. मुलांनो, मोठ्या आवाजानं उत्तर बरोबर होत नाही आणि डोकी मोजूनही होत नाही.

ताई त्या रात्री जेवली आणि पुढच्या पेपराला गेली. त्या १२.४५ वाल्या दादालाही तिनं निरोप धाडला, "एवढं वाईट वाटून घेऊ नको. पूर्ण चुकलं तरी तीनच मार्काचं गणित हाय. सत्तरातून तीन गेले तर सदुसष्ट राहतात." शिवाय तीनचे तीन जातीलच असंही नाही. तपासनीस साधारणपणे टप्प्याटप्प्यानं गुण देतात. सूत्राला काही, किमती नीट घालण्याला काही आणि एककासह आलेल्या उत्तराला काही. म्हणून तर आम्ही शिक्षक सारखे ओरडत असतो, "पायऱ्या लिहा रे, पायऱ्या लिहा!"

आता तुम्ही विचाराल, मग उत्तरं जुळवूच नयेत का? तर तसं नाही. जुळवावीत, पण नीट जुळवावीत. दोन उत्तरं जुळली नाहीत की तिथं काहीतरी शिकण्यासारखं दडलेलं असतं. आमच्याच भागातलं उदाहरण देते.

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं गाव. लोणारचं सरोवर तुम्ही पुस्तकात पाहिलं असेल. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून आलेली उल्का काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर तयार झालं. त्यातलं पाणी खारट आणि क्षारयुक्त. त्याचा सामू १० च्या आसपास असतो. सामू म्हणजे पदार्थ आंबट आहे की क्षारधर्मी, हे सांगणारा आकडा. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी, लिंबासारखा. त्याहून जास्त म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा, बोटांना बुळबुळीत लागणारा.

समजा पेपरात असं विचारलं, की एका लिटर पाण्यात कॉस्टिक सोड्याचा ०.०००१ मोल विरघळवला, तर सामू किती? एकाचं उत्तर येतं ४, दुसऱ्याचं १०. दोघं भांडतात. आता गंमत बघा, ४ आणि १० यांची बेरीज करा. १४ आली? इथंच सगळी मेख आहे. या आकडेमोडीत आधी हायड्रॉक्साइड आयनांचा आकडा निघतो, तो ४. मग तो १४ मधून वजा केला की सामू निघतो, तो १०. पहिला गडी एक पायरी आधीच थांबला, एवढंच! आणि त्यानं क्षणभर विचार केला असता तर त्याला स्वतःलाच कळलं असतं. सामू ४ म्हणजे टोमॅटोच्या रसाच्या आसपासचा आंबटपणा. कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी आंबट कसं होईल?

तिसरा घोटाळा एककांचा. एक मोल वायू, तापमान २७ अंश सेल्सिअस, दाब १ वातावरण. घनफळ किती? एकाचं येतं २४.६३ लिटर, दुसऱ्याचं २.२२ लिटर. दुसऱ्यानं २७ हा आकडा तसाच सूत्रात घातला. पण त्या सूत्राला केल्विन लागतं. २७ मध्ये २७३ मिळवून ३०० करायचे राहून गेले. हे म्हणजे दोन किलो तूरडाळ आणि ५०० ग्रॅम तूरडाळ मिळून ५०२ झाली, असं सांगण्यासारखं आहे! दुकानदारानं असा हिशेब केला तर आई त्याला सोडेल का? इथंही ताळा सोपा आहे. शून्य अंशाला आणि याच दाबाला एक मोल वायू सुमारे २२.४ लिटर जागा घेतो. तापवला की वायू पसरतो. मग २७ अंशाला तो २२.४ पेक्षा जास्तच जागा घेणार. २.२२ शक्यच नाही.

म्हणून बालमित्रांनो, "तुवं किती आलं?" हा अर्धाच प्रश्न आहे. पुरा प्रश्न असा, "तुवं किती आलं, आन् कसं काढलं?"

हा पुरा प्रश्न विचारल्यानं केवढं मोठं काम होतं, ते ऐका. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी नायट्रोजन वायूची घनता मोजायला घेतली. एकदा हवेतला ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन मोजला. एका लिटरचं वजन आलं सुमारे १.२५७ ग्रॅम. मग अमोनियासारख्या रसायनांपासून नायट्रोजन तयार करून मोजला, तर आलं सुमारे १.२५० ग्रॅम. फरक केवढा? दोनशेत एकाच्या आसपास. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "जाऊ द्या, थोडंफार चुकलं असेल." पण रॅले यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. फरक काही जाईना! मग १८९२ साली त्यांनी 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकाला चक्क पत्र लिहिलं आणि वाचकांनाच विचारलं, की हे असं का होत असेल? एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण आपली दोन उत्तरं जुळत नाहीत हे सांगायला लाजला नाही.

पुढे विल्यम रॅम्से हेही शोधाला लागले आणि १८९४ साली उलगडा झाला. हवेतल्या 'नायट्रोजन'मध्ये आणखी एक वायू लपून बसलेला होता. तो कशाशीच संयोग पावत नाही, म्हणून त्याला नाव मिळालं 'आरगॉन'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'आळशी'! हा आळशीराम तुमच्या-माझ्या वर्गातल्या हवेतही आहे, शंभरात जवळजवळ एक भाग. त्याच्याही खूप आधी, १७८५ साली, हेन्री कॅव्हेंडिश यांना प्रयोगाच्या शेवटी एक इवलासा बुडबुडा उरलेला दिसला होता. काही केल्या तो संपेना. त्यांनी तो फेकून न देता इमानदारीनं नोंदवून ठेवला होता. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्से यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. न जुळणाऱ्या दोन उत्तरांतून एक नवं मूलद्रव्य हाती आलं!

कधी कधी मात्र चूक मुलांची नसतेच, प्रश्नातच घोळ असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात तसा घोळ झाला, तेव्हा बोर्डानं त्याबद्दल ६ गुण द्यायचं ठरवलं. २०२४ च्या मे महिन्यात नीट परीक्षेत अणूविषयीचा एक प्रश्न आला. 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' हे विधान बरोबर की चूक? एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ते तसंच छापलेलं होतं, नव्या पुस्तकात 'बहुतेक मूलद्रव्यांचे' अशी दुरुस्ती झाली होती. जुन्या पुस्तकाप्रमाणे उत्तर देणारी मुलं चार लाखांहून जास्त. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं काय केलं? डोकी मोजली नाहीत, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, एकच उत्तर बरोबर, ते विधान चूक आहे. युरेनियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे तर आपण शिकतोच. मग जुलैमध्ये निकाल पुन्हा लावला गेला. चार लाख मुलांनी लिहिलेलं उत्तरही चुकीचं ठरू शकतं, हे यातून दिसलं. पण तसं लिहिणाऱ्या मुलांवर काय गुदरली असेल, तेही मनात आल्यावाचून राहत नाही. पुस्तक वाचूनच तर लिहिलं होतं त्यांनी!

म्हणून सांगते, प्रश्नच चुकलाय असं वाटलं तर आपल्या सरांना, मॅडमना सांगा. निकालानंतर शंका आली तर बोर्डाकडे गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाची सोय आहे. आमच्या जिल्ह्याचं हे काम अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे असतं. तिथं रडून नाही, अर्ज करून काम होतं.

आता दोन शब्द तुमच्या आईबाबांसाठी. हा भाग त्यांना वाचून दाखवा हं!

पालकहो, पेपर देऊन आलेलं पोर उन्हातून आलेलं असतं. दारातच त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढून "किती बरोबर आली? शेजारच्याचं काय आलं?" असं विचारू नका. आधी पाणी द्या, जेवू घाला. झालेला पेपर तपासनिसाच्या हाती गेला, उद्याचा मात्र अजून आपल्या हाती आहे. मोबाइलवर आता अर्ध्या तासात 'उत्तरं' फिरायला लागतात. ती कुणी काढली, कशी काढली, काही पत्ता नसतो. ती सगळे पेपर संपेपर्यंत पोरांसमोर धरू नका. आणि मुलगी असो की मुलगा, "एक विषय गेला तर शिक्षण बंद" ही धमकी तर मुळीच देऊ नका. निकालानंतर त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात पुरवणी परीक्षाही असते. वर्ष लगेच वाया जात नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच. पेपर सुटल्यावर कुणी "माहं चुकलं वाटते" म्हणून तोंड पाडून उभा असेल, तर त्याला हसू नका. उद्याचा पेपर झाल्यावर, सुट्टीत, दोघं मिळून बसा आणि पायरीपायरीनं ते गणित पुन्हा सोडवा. कुठली पायरी निसटली ते सापडलं की ती पुन्हा निसटत नाही.

चला, आता या आठवड्याची दोन कोडी.

छोट्यांसाठी : एका भाकरीतली अर्धी दहा मिनिटांत संपते. पुढच्या प्रत्येक दहा मिनिटांत उरलेल्यातली अर्धी संपते. चाळीस मिनिटांनी किती भाकरी उरेल? एक मुलगा म्हणतो, "काहीच उरणार नाही, वीस मिनिटांतच संपली!" एक मुलगी म्हणते, "सोळावा भाग उरेल." कोण बरोबर? आणि जो चुकला, त्यानं काय धरून चालून चूक केली?

मोठ्यांसाठी : सामू एकानं वाढला की हायड्रॉक्साइड आयनांचं प्रमाण दहापट होतं. मग सामू ७ असलेल्या पाण्यापेक्षा सामू १० असलेल्या पाण्यात ते किती पट असेल? तिघांची तीन उत्तरं आली आहेत : ३ पट, ३० पट आणि १००० पट. बरोबर कुठलं ते तर सांगाच, पण बाकीच्या दोघांची नेमकी कुठली पायरी निसटली तेही शोधा.

उत्तर पाठवताना नुसता आकडा पाठवाल तर मी वाचणार नाही हं! कसं काढलं ते लिहा. पायऱ्यांसकट!

तुमची,
बाई